जयूचा पहिला दात

जयू माझ्या मांडीवर आडवी होती आणि वाटी माझ्या हातात होती. तेवढ्यात दारातून आवाज आला, "कला, काय पाजतीयास गं पोरीला?"

मी दचकून वर बघितलं. उंबऱ्यात हौसाक्का उभ्या होत्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात चपला. सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरून दीड मैल चालत आल्या असणार. वैशाखातलं ऊन. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांची नजर सरळ वाटीवर होती.

हौसाक्का म्हणजे जयूची आजी. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची, शालनची आई.

"पाणी आहे," मी म्हणाले.

"कसलं पाणी?"

जयू रडत होती. आदल्या सकाळपासून रडतच होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता आणि तोंडातून लाळेची धार लागली होती. माझ्या जिभेवर 'बडीशेपेचं' असा शब्द आलाही होता. वाटीतल्या पाण्याचा रंग तसाच होता, कुणाला कळलं नसतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून मला तो शब्द बाहेर काढता येईना.

"बोंडाचं," मी म्हणाले.

आजच्या मुलींना हे सांगावं लागेल. खसखशीची वाळलेली बोंडं उकळून त्याचं पाणी लहान मुलाला चाटवायचं. मूल गप्प होतं, झोपतं. म्हणजे ती अफूच. आमच्या भागात तेव्हा रानात जाणाऱ्या बाया सर्रास पाजायच्या, आणि त्यात काही वाईट आहे असं कुणाला वाटत नसे.

"दिलंस?"

"नाही. अजून नाही."

"किती देणार हुतीस?"

"एक चमचा. शेजारच्या बगाडेवहिनींनी दिलंय. त्यांच्या तिन्ही मुलांना दात येताना हेच दिलं म्हणाल्या."

हौसाक्कांनी चपला खाली ठेवल्या. माझ्या हातातली वाटी घेतली, मागच्या दारी जाऊन ते पाणी भिंतीच्या कडेला ओतलं आणि पायानं त्यावर माती सारली. मग राखेनं वाटी घासली. एकदा, दोनदा, तीनदा. मी दारात उभी राहून बघत होते. आता ही बाई मला काय बोलेल, याची वाट बघत होते. त्यांनी हातपाय धुतले, आत येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे प्यायला."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माझं हे दुसरं लग्न. पहिल्या घरी सहा वर्षं काढली. मूल झालं नाही म्हणून त्यांनी मला भावाच्या दारात आणून सोडलं. आई-वडील नव्हते. भावजयीच्या घरात चार वर्षं धुणं-भांडी करून राहिले. मग एक स्थळ आलं. बीजवर, विजेच्या खात्यात वायरमन, बायको बाळंतपणात गेलेली, पदरात तान्ही मुलगी. भाऊ म्हणाला, "तुला मूल पाहिजे, त्यांना आई पाहिजे. आणखी काय बघायचं?"

जयू तेव्हा चार महिन्यांची होती आणि हौसाक्कांकडेच होती. लग्न झाल्यावर आमच्या मालकांनी, म्हणजे जालिंदरांनी, तिला आणून माझ्या ओटीत घातलं. विट्याच्या पुढे एका गावाबाहेर, सबस्टेशनच्या कडेला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आमचं. शेजारी एकच घर, ऑपरेटर बगाड्यांचं. बाकी माळ.

पुढचे चार महिने मी त्या पोरीशी झगडत होते. दुसरा शब्द नाही. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायची. मी जवळ घेतलं की ताठ व्हायची. मूल कसं धरायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि विचारायचं कुणाला? ज्या बाईला मूल झालं नाही म्हणून टाकली, तिनं हे विचारायचं म्हणजे स्वतःच्या तोंडानं स्वतःला नावं ठेवणं. त्या आठवड्यात वळवाच्या वाऱ्यानं खांब पडले होते. मालक उजाडताच जायचे ते दिवेलागणीला यायचे. आणि परवा निरोप आला होता, 'हौसाक्का नातीला बघायला येतायत.' मला एवढंच पाहिजे होतं, की त्या येतील तेव्हा पोरगी शांत असावी. म्हणून ती वाटी.

पाणी पिऊन झाल्यावर हौसाक्कांनी जयूच्या पोटाला हाताची मागची बाजू लावली. डोळे बघितले. टाळूवर अलगद बोटं ठेवली.

"शी कशी हुतीया?"

"नेहमीसारखी."

"उलटी?"

"नाही."

"अंगात ताप न्हाई. ताप आसता तर आत्ता उचलून डाक्तरकडं नेली आसती. ध्यानात ठेव. ताप आला, जुलाब लागलं, तर दातावर ढकलून बसायचं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हात धू. साबण लाव. आन नखं काप आधी."

मी नखं कापली, हात धुतले. मला वाटलं, आता त्या जयूला घेतील. पण त्या नुसत्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तिच्या तोंडात बोट घाल. खालच्या हिरडीवर. दाबायचं न्हाई, नुस्तं फिरवायचं. काय लागतंय?"

"सुजलंय." मी बोट पुढे नेलं. "इथं काहीतरी कडक आहे. टोकदार."

"त्योच दात. मांस फाडून वर येतोय बिचारा. चोळ हळूहळू."

मी चोळू लागले आणि जयूनं दोन्ही हिरड्यांमध्ये माझं बोट घट्ट पकडलं. एवढ्याशा जबड्यात केवढा जोर! मी बोट काढायला गेले.

"ऱ्हाऊ दे. चावू दे. तिला चावायलाच पायजे. तुझं बोट काय तुटत न्हाई."

रडणं थांबलं नाही, पण तुटक झालं. मध्येच थांबून ती माझ्याकडे बघायची, चावायची, पुन्हा रडायची. जरा वेळानं माझं बोट बधिर झालं आणि पाठही भरून आली.

"आक्का, तुम्हीच घ्या ना. तुमच्याकडे राहील ती."

"ऱ्हाईल की. मग?"

"मग गप्प होईल."

"ती गप्प हुयाची घाई तुला हाय. तिला न्हाई. तिला दुखतंय तर रडणारच की. तू घाबरतीयास म्हणून ती जास्ती घाबरतीया. खांद्यावर घे आन फीर जरा."

मला त्यांचा राग आला. म्हातारी चार महिने सांभाळून बसलेली, सगळं येतं हिला, आणि पोरीला हात लावत नाही. माझी परीक्षा बघतेय. तसंच होतं ते. पण कसली परीक्षा, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुपारभर आम्ही तेच केलं. हौसाक्कांनी पिशवीतून आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा काढला. मला तो उकळून घ्यायला लावला. मग माठातल्या पाण्यात भिजवून, पिळून माठावरच पसरला. गार झाल्यावर त्याला एक गाठ मारून जयूच्या हातात दिला. तिनं गाठ तोंडात कोंबली आणि चोखायला लागली. कपडा कोमट झाला की दुसरा तयार असायचा. हनुवटीखाली लाळेनं लाल चट्टे उठले होते, तिथं खोबरेल लावलं. बाटली ती घेतच नव्हती. "चोखताना हिरडीला कळ लागती," हौसाक्का म्हणाल्या आणि तांदळाची पेज गार करून मला चमच्यानं भरवायला लावली. पहिले चार चमचे बाहेर आले, पाचवा गेला. त्यांनी एक मोठी, दगडासारखी खारीक आणली होती. ती धुऊन माझ्या हातात दिली.

"एक टोक तू धरायचं, एक तिच्या तोंडात. हात सोडायचा न्हाई आन नजर हलवायची न्हाई. तुकडा पडतोय आसं वाटलं की काढून घ्यायची."

मी तशी धरून बसले. जयू एखाद्या म्हाताऱ्यासारखी गंभीर चेहरा करून ती खारीक कुरतडत होती. मध्येच हौसाक्कांनी कान टवकारले.

"ह्ये काय गुणगुणतंय मगाधरनं?"

"ट्रान्सफॉर्मर. रात्रंदिवस चालू असतो."

"आगं बया! आन झोप येती व्हय तुमास्नी?"

मी हसले. चार महिन्यांत त्या घरात पहिल्यांदा हसले असेन. माझं हसणं बघून जयूनंही खारीक सोडून माझ्याकडे बघितलं.

उन्हं कलल्यावर ती माझ्या खांद्यावर झोपली. मी हलले नाही. हौसाक्का भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. त्या बोलायला लागल्या तेव्हा आधी मला वाटलं, स्वतःशीच बोलतायत.

"माझं पयलं पोरगं हुतं. शालनच्या आन दिनकरच्याबी आदी. सात महिन्यांचा. त्याला आसंच दात येत हुतं. रानात भांगलण चालू हुती, घरी बसून चालायचं न्हाई. सासू म्हणली, बोंडाचं पाणी घाल थेंबभर. म्या घातलं. तरी किरकिरला, म्हणून आनिक घातलं. झाडाला झोळी बांधली हुती. दुपारच्याला पाजायला गेले, तवा गार पडला हुता."

ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"कुणी मला बोललं न्हाई. समदी म्हणली, दातावर गेलं पोर. म्याबी तसंच म्हणत ऱ्हायले. मालकास्नी सुदीक सांगितलं न्हाई. त्ये गेले, त्यास्नी ठावंच न्हाई. आज तुला सांगतीया, पयल्यांदा."

मी जयूला आणखी जवळ धरलं. ती वाटी पाच मिनिटं आधी तिच्या ओठांना लागली असती तर, एवढा एकच विचार डोक्यात फिरत होता. हौसाक्का उठल्या आणि चूल पेटवायला गेल्या.

संध्याकाळी जयू उठली. किरकिर होती, पण आदल्या दिवसासारखी नाही. माझ्या मांडीवर बसून तिनं माझ्या गळ्यातला टाक पकडला आणि तोंडात घातला. दुसरेपणाच्या बाईनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडे रीत होती. लग्नात सासरच्यांनी तो माझ्या गळ्यात बांधला होता. गेले दोन दिवस पोरीला तेवढ्यानंच जरा बरं वाटायचं, म्हणून मीही चावू देत होते.

हौसाक्का बघत राहिल्या. त्यांच्या लेकीचा टाक होता तो. मग पुढे सरकून त्यांनी माझ्या मानेमागची गाठ सोडली.

"कडा लागंल पोरीच्या हिरडीला," त्या म्हणाल्या. टाक पदरानं पुसून देवाच्या फळीवर ठेवला. मी पुन्हा बांधायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "नगं. शालन आता देवाजवळ बसू दे. तिचं वझं तू कशाला वागवतीस?"

मालक आले, जेवले. त्यांनी आणि हौसाक्कांनी एकमेकांकडे फारसं बघितलं नाही. मला ते जाणवलं, पण अर्थ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयूला पेज भरवत होते. चमचा आत गेला आणि 'टक्' असा बारीक आवाज आला. मी पुन्हा चमचा टेकवला. टक्.

"आक्का!" मी ओरडलेच. "आक्का, आला!"

त्या हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक दिसत होतं. आम्ही दोघी आलटून पालटून चमचा टेकवून तो आवाज ऐकत बसलो. जयूला वाटलं खेळच चाललाय. ती तोंड उघडून खदखदून हसायला लागली. मालक दाराआडून बघत होते. त्या दिवशी ते कामावर उशिरा जाणार होते. का, ते विचारायचं मला सुचलं नाही.

बाराच्या सुमाराला दारात जीप उभी राहिली. हौसाक्कांचा मुलगा दिनकर खाली उतरला. मला आश्चर्य वाटलं. एकट्या म्हाताऱ्या बाईला न्यायला भाड्याची जीप? आदल्या दिवशी तर त्या एसटीनं आल्या होत्या.

"झालं का आवरून?" दिनकरनं आल्या आल्या विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरीची कापडं बांधलीसा का? पाळणा टांगून ठेवलाय घरात. सुमन आंगावर पाजायला तयार हाय. आमचं पोरगं आन जयू दोघंबी निघतील तिच्या दुदावर."

जयू माझ्या कडेवर होती. मी मालकांकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

ते जमिनीकडे बघत होते. "पोरीची आबाळ व्हायला लागली होती, कला. तुझीबी. मीच चिठ्ठी धाडली होती. आक्का म्हणाल्या, घेऊन जाते, पण आधी येऊन बघते. मी त्यांच्यावर सोडलं होतं."

मला रडू आलं नाही. मी भांडलेही नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, बरोबरच आहे यांचं. सुमनला दूध आहे, तिला मुलाची सवय आहे. माझ्या हातात काल काय होतं, ते तर हौसाक्कांनी डोळ्यांनी बघितलंय. मी आत गेले आणि ट्रंकेतून जयूची झबली काढायला लागले. एक हात मोकळा, एका हातात ती. झबल्यांच्या घड्या होईनात.

मागून हौसाक्का आल्या. माझ्या हातातली झबली घेतली आणि पुन्हा ट्रंकेत टाकली. मग बाहेर जाऊन म्हणाल्या, "दिनकर, पाणी पी. ऊन लई हाय. आन माझी पिशवी ठेव गाडीत."

"आन पोरगी?"

"पोरगी हितंच ऱ्हाईल."

"आई, आगं पण ठरलं हुतं..."

"ठरलं तवा म्या हिला बघितली नव्हती."

दिनकर भला माणूस. त्यानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गुमान पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

जीपपर्यंत मी त्यांच्या मागे गेले. मला राहवेना. हळूच म्हणाले, "आक्का, मी तर तिला ते पाजणार होते. तुम्ही बघितलंत."

"व्हय."

"मग?"

त्या गाडीत चढता चढता थांबल्या. जयूच्या गालावरची लाळ त्यांनी पदरानं टिपली.

"म्या इचारलं आन तू खरं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मला सांगायला पस्तीस वरसं लागली." मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पंचमीला ये पोरीला घिऊन. वाट बघतीया."

जीप गेली. मालक अजून अंगणातच उभे होते. मी जयूला त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "धरा जरा. तिचा कपडा गार करायला ठेवायचाय."

या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. मला पोटचं मूल झालं नाही. जयूला दोन मुलं आहेत. थोरल्याला दात यायला लागले तेव्हा ती घाबरून माझ्याकडे आली होती, आणि मी तिला नखं कापून हात धुवायला लावलं. हौसाक्का जाऊनही बरीच वर्षं लोटली. त्यांचे उपकार मी कधी त्यांना बोलून दाखवू शकले नाही. ते त्यांना आवडलंही नसतं.

त्या वर्षी पंचमीला मी जयूला घेऊन गेले. एसटीतून उतरून त्यांच्या गल्लीत शिरले, तर गल्लीतल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या. शालनची पोरगी सगळ्यांच्या ओळखीची. कडेवर घेऊन येणारी बाई कोण, ते कुणाला माहीत नव्हतं. नाही म्हटलं तरी मी बिचकले होते. मला आईच्या माघारी कधी कुणी पंचमीला बोलावलं नव्हतं. भावाच्या दारात गेले तेव्हा सामान बाहेर पडलेलं आणि मी त्याच्याशेजारी उभी, एवढंच आठवत होतं. कुणाच्या घरात कसं शिरतात, तेच मी विसरले होते. हौसाक्कांच्या दाराशी आले आणि सवयीनं मान खाली घालून आत पाऊल टाकायला गेले.

"थांब! तितंच थांब!" आतून हौसाक्का ओरडल्या.

मी घाबरून पाय मागे घेतला. त्या लगबगीनं बाहेर आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. जयूवरून त्यांनी तो तीनदा ओवाळला. मग माझ्यावरून तीनदा. दोघींच्या डोळ्यांना पाणी लावलं.

शेजारच्या ओट्यावरून एका म्हातारीनं विचारलं, "हौसे, कोण गं ही?"

"माझी लेक," हौसाक्का तुकडे करून उजवी-डावीकडे टाकत म्हणाल्या. "लेकुरवाळी हून पयल्यांदा आलीया माहेराला. तशीच कशी आत घिऊ?"